चारपैकी चार खोल्या

२४ जून, मंगळवार

ही वही माझी नव्हे, मच्छरांची आहे. संस्थेची पोरगी अनुष्का देऊन गेली, सोबत पेन. पुढच्या पानांवर छापील रकाने आहेत. जाळीत कोण झोपलं, कोण नाही, कोणाला ताप आला. रोज टिक करायची. मागची पानं कोरी आहेत आणि कोरं पान फुकट घालवायची मला सवय नाही. म्हणून मागच्या बाजूने माझं लिहिते. वही परत द्यायच्या वेळी ही पानं फाडून घेईन.

चौथीपर्यंत शाळा झाली. मास्तर म्हणायचे, "शांते, अक्षर मोत्यासारखं आहे, पण बोलतेस तसं लिहू नकोस." म्हणून इथे 'नाही' लिहिते. तोंडात 'न्हाय'च राहणार.

समाजमंदिरात आज सगळ्यांना बोलावलं होतं. अनुष्का सांगत होती, जाळीच्या धाग्यात औषध असतं, पण आपल्याकडचे मच्छर त्याला सरावलेत. आता नुसत्या जाळीने भागत नाही. म्हणून भिंतीवर दुसरं औषध मारायचं. मच्छर चावला की जड होतो, त्याला उडवत नाही, भिंतीला टेकतो. टेकला की मेला.

मी म्हटलं, "म्हंजे आमच्या घरातल्या पुरुषांसारखाच. जेवला की भितीला टेकला."

सगळे हसले. ती पण हसली. मग म्हणाली, "आजी, जाळी आणि फवारणी, दोन्ही पाहिजे. एक सोडलं तर दुसऱ्याचा उपयोग अर्धा."

बाजूच्या पाड्यात नुसत्या जाळ्या देणार, आमच्याकडे दोन्ही. मग बघणार कुठे कमी आजारी पडतात. म्हटलं, "म्हंजे आम्ही प्रयोगाच्या कोंबड्या."

"कोंबड्या नाही आजी, भागीदार."

"भागीदाराला वाटा असतो. आमचा काय?"

"तीन जाळ्या."

घेतल्या. घरात माणसंही तीनच. मी, नातू स्वप्नील आणि त्याची बायको विनिता, तिला नववा लागलाय. स्वप्नीलचे आईबाप तो सहा वर्षांचा असताना घोडबंदर रोडवर एकाच ट्रकखाली गेले. तेव्हापासून तो माझा. त्याच्या बायकोबद्दल असं म्हणता येणार नाही.

२७ जून, शुक्रवार

मुलगी झाली. पहाटे, मीरा रोडच्या दवाखान्यात. वजन बरं आहे. नाक विनिताचं घेतलंय, त्याला इलाज नाही.

विनिताची आई हंसा भाईंदर पश्चिमेहून आली होती. म्हणाली, "शांतीबाई, पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. मी घेऊन जाते."

मी म्हटलं, "असतं. पण पाचवी आमच्या भितीला पुजतात. तुमची भित भाड्याची."

ती गप्प झाली. फ्लॅटमधल्या बायका लवकर गप्प होतात, त्यांना शेजाऱ्यांची भीती.

२९ जून, रविवार

बाळंतीण घरी आणली. मागच्या खोलीत बाज टाकली, खाली शेगडी. माझ्या सासूने मला जसा शेक दिला तसाच देणार. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा, कानाला फडकं, खिडकी बंद. विनिताला घाम फुटला. म्हणाली, "आजी, डॉक्टरांनी सांगितलंय शेक नको."

"डाक्टरला किती पोरं झाली?"

"ते पुरुष आहेत."

"तेच बोलतेय मी."

स्वप्नील तिसरी जाळी घेऊन आला होता बांधायला. त्याला उंबऱ्यावरून परत पाठवला. सव्वा महिना पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. आणि शेगडीच्या वर नायलॉनची जाळी! एक ठिणगी उडाली तर मायलेकी दोघी भाजून निघतील. जाळी घडी करून माझ्या पेटीत ठेवली.

विनिता म्हणाली, "मग शेगडी काढू या ना आजी. जाळी लावू."

या पोरीचं असंच. दोन गोष्टी समोर ठेवल्या की हटकून दुकानातली उचलणार.

१ जुलै, मंगळवार

आज पाचवी. सकाळी मागच्या खोलीची भिंत पुसली, तांदळाच्या पिठाने आणि कुंकवाने सटवाई काढली. खाली पाटा-वरवंटा मांडला, दिवा, आणि कोरा कागद. देवी येते ती कपाळावर लिहून जाते, तिला लिहायला काहीतरी लागतं. पेन या वहीचंच ठेवलं.

नेमके अकराच्या सुमाराला फवारणीवाले आले. पाठीला पंप, तोंडाला फडकं. त्यातला कुलदीप म्हणून होता, हाटकेशला राहतो, चांगला उंच पोरगा. ओटीची खोली मारली, स्वैपाकघर मारलं, माझी खोली मारली. भिंतीवर पांढरे ओघळ आले, घाण वास. मागच्या खोलीच्या दाराशी मी उभी राहिले.

"अम्मा, ये कमरा?"

"इस कमरे में नहीं. आज देवी आनेवाली है."

"देवी को भी तो मच्छर काटते होंगे, अम्मा."

आतून विनिता हसली. मोठ्याने. पाचवीच्या दिवशी! मग आतूनच म्हणते, "आजी, मी बाळाला घेऊन तासभर ओट्यावर बसते. मारून घेऊ दे ना त्यांना."

म्हटलं, "पाचवीची बाळंतीण उंबरा वलांडते का? आणि देवीच्या तोंडावर इख मारून घेऊ?"

कुलदीपने वाद घातला नाही. आमच्या चौकटीवर खडूने तारीख लिहिली आणि ३/४. चार खोल्या, तीन मारल्या. म्हणाला, "परसों दूसरी टीम आएगी, छूटे हुए कमरे के लिए."

परवा येऊन काय करणार? सव्वा महिना कोणी पुरुष आत जाणार नाही. उगीच दारात पुन्हा तमाशा. ते गेल्यावर ओल्या फडक्याने ३/४ पुसलं आणि ४/४ लिहिलं. स्वप्नीलच्या जुन्या पाटीचा खडू होता. अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं आलं.

वहीत 'खोल्या फवारल्या' या रकान्यात 'सर्व' लिहिलं.

दिवेलागणीला पूजा झाली. बायका म्हणाल्या, आजकाल एवढं कोण करतं. खरं आहे. माझ्या पहिल्याच्या वेळी पण असंच झालं होतं. पाचवीच्या दिवशीच सरकारचे डीडीटीवाले आले होते आणि सासूने त्यांना कुंपणावरूनच परत पाठवलं होतं. तो पोरगा महिन्याचा होऊन तापाने गेला. सासू म्हणाली, सटवाईने तेवढंच लिहिलं होतं. मी रडले नाही. रडून लिहिलेलं पुसतं का?

३ जुलै, गुरुवार

दुसरी टीम आली. दारावर वाचलं, पुढे गेली. सहीसुद्धा मागितली नाही.

५ जुलै, शनिवार

विनिता म्हणते मच्छर फार आहेत. म्हणे, बाकीच्या घरातून हाकललेले सगळे हिच्याच खोलीत आलेत. महाराणीला वाटतं मच्छर पण हिलाच भेटायला येतात.

म्हटलं, "धुरीने पळतात."

"धुरी विझली की येतात."

स्वप्नीलने प्लगला लावायचं मशीन आणलं. मी काढून ठेवलं. एवढ्याशा नाकात तो वास जायला नको. मग त्याने खिडकी बाहेरून ढकलून बायकोशी बोलणं सुरू केलं. दोघं हसतात. खिडकी पण आतून बंद करून घेतली. बाळंतिणीच्या कानात वारं जातं.

मोबाईल पण काढून घेतला. डोळ्यांत पाणी साठतं बाळंतपणात. रोज तासभर आईशी कुजबुज चालायची. आता डोळ्यांना आराम.

टिक: शांती, जाळीत. स्वप्नील, जाळीत. विनिता व बाळ, जाळीत. चौकोन मोकळा सोडला की अनुष्का कारण विचारते.

८ जुलै, मंगळवार

बारसं. विनिताने मोबाईलमधून नाव काढून ठेवलं होतं, ओवी. म्हटलं, शेगडीत टाकते तो ओवा पुरे झाला. पोरीला आत्या नाही, म्हणून पाळण्यापाशी मीच बसले आणि कानात मोठ्याने 'स्वप्नाली' म्हटलं. कानात पहिलं पडेल ते नाव. विनिता बघत राहिली. घर पाहुण्यांनी भरलेलं.

हंसा आली होती. लेकीची पाठ बघून म्हणाली, "अगं बाई, हे काय! सगळे चावे आहेत."

"बाळंतपुरळ हाय," मी म्हटलं.

"शांतीबाई, मला पुरळ कळतं."

"मग बाळाला बघा. बाळाला हाय का एक तरी?"

बघितलं तिने, उलटंपालटं करून. एक डाग नाही. लोण्यासारखं अंग. मी सगळ्यांना दाखवलं. एकाच खोलीत, एकाच बाजेवर, आईची पाठ आणि दंड लाल आणि पोरीच्या अंगावर काही नाही. मच्छर असते तर आधी कोवळं मांस सोडलं असतं? धुरीचा गुण आहे हा.

विनिताने पोरीला परत जवळ घेतलं. दिवसभर तशीच वाकून बसलेली असते, कोंबडी पिल्लावर बसते तशी. रात्रीही तशीच, हातापायांचं मुटकुळं करून. म्हटलं, पाठीला पोक येईल. ऐकत नाही.

१२ जुलै, शनिवार

विनिताला ताप. थंडी वाजली म्हणून दोन गोधड्या घातल्या, शेगडी वाढवली. दूध चढलं असेल. सुंठीचा काढा दिला. ओकली.

१३ जुलै, रविवार

आज ताप नाही. उठून बसली, पेज प्यायली. कालचं निम्मं नाटक होतं. स्वप्नीलची सुट्टी होती ना काल.

१४ जुलै, सोमवार

पुन्हा थंडी. बाज हलत होती एवढी.

दुपारी दिव्या आली. आपल्याच गावची, आशाचं काम करते. तापवाल्यांची बोटं टोचत फिरते. ओट्यावरून विचारलं, "आजी, कोणाला ताप?"

बाळंतिणीच्या बोटाला कोणाची सुई लागू देणार नव्हते मी सव्वा महिना. आणि गावात बोभाटा झाला असता की शांतीच्या घरात, एवढी पाचवी करून, मलेरिया. म्हटलं, "न्हाय बाय, कोणाला न्हाय. दूध चढलंय तिला, बाकी काय न्हाय."

"दूध चढून ताप आहे?"

"अंग कोमट. बायकांचं व्हतं तेवढं."

तरी ती उंबऱ्याशी रेंगाळली. मी चौकटीकडे बोट दाखवलं. "वाच. चारपैकी चार. वही बघ, रोजची जाळी. तुमचंच औषध, तुमचीच जाळी. मग मलेरिया येनार कुठून? का औषधात पानी मारता?"

दिव्याने वही चाळली. सगळीकडे टिक. तिची चिंता उतरलेली मला दिसली. म्हणाली, "तुमच्यासारखी वही कोणाची नाही आजी. बाजूच्या पाड्यात सहा जण तापलेत, ते आधी करते."

एवढ्यात आतून विनिताचा आवाज आला, "दिव्याताई..." बारीक. मी खलबत्ता पुढ्यात ओढला आणि सुंठ कुटायला घेतली. दिव्या म्हणाली, "काय आजी?" म्हटलं, "काय न्हाय, सुंठ."

गेली.

आत गेले तर विनिता उंबऱ्यापर्यंत येऊन बसली होती, भिंत धरून. माझ्याकडे असं बघितलं की मला राग आला. म्हटलं, "काय डोळे वटारतेस? चाळीस दिवस तुझं मी काढतेय. माझं कोनी काढलं न्हवतं."

१६ जुलै, बुधवार

स्वप्नीलने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या. घाम आला, उतरला. म्हणाला, "आजी, उद्या दवाखान्यात नेतो." म्हटलं, "उद्या उतरलेलाच असेल. आणि दवाखान्याची एवढी रांग, तुझी पोर कोण सांभाळणार, मी पण चलू का?" तो कामावर गेला. माझा शब्द मोडायची त्याला सवय नाही, ती मीच लावली नाही.

लघवी काळपट होते म्हणे. बाळंतपणात होतं.

१८ जुलै, शुक्रवार

सकाळी विनिता माझा हात धरून 'मम्मी' म्हणाली. मम्मी, घरी चल ना. या घरात आल्यापासून माझ्याशी इतकं गोड पहिल्यांदा बोलली. डोळे पिवळे. पोर रडत होती ती तिला ऐकूच येत नव्हती. पोर पुढे केली तर म्हणाली, ही कोणाची?

तेव्हा मी स्वप्नीलला फोन लावायला शेजारच्या पोराला पळवलं.

रिक्षात घालताना तिला झटका आला. दात माझ्या बोटावर बसले. अजून दुखतंय.

२० जुलै, रविवार

विनिता गेली. सकाळी नऊला.

डॉक्टर म्हणाले मलेरिया, मेंदूत चढलेला. तीन-चार दिवस आधी आणली असती तर गोळ्यांवर भागलं असतं. कोणालाही उद्देशून म्हणाले नाहीत, कागदावर बघून म्हणाले.

२२ जुलै, मंगळवार

हंसा घरात आहे. मला एक शब्द बोलली नाही. आली, चपला सोडल्या, पोरीला वाटी-चमच्याने दूध पाजायला बसली. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे तयार होतं.

स्वप्नीलने विचारलं, "आजी, तिला जाळी होती ना?"

"व्हती की."

होतीच. घरातच होती. पेटीत.

"खोली मारली होती ना?"

"दारावर वाच."

उठून गेला, वाचलं, परत येऊन बसला. बराच वेळ चौकटीकडे बघत होता. मी म्हटलं, "सटवाईने तेवढंच लिवलेलं." तो म्हणाला, "हं."

१ ऑगस्ट, शुक्रवार

तेराव्याचं उरकलं. हंसा म्हणाली पोरीला नेते. स्वप्नील म्हणाला, माझी पोर माझ्या घरात राहील, आजीने मला वाढवलं तशी हिला वाढवेल. मी हंसाकडे बघितलं. तिने मान खाली घातली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

पोर आता माझ्या खाटेवर, माझ्या जाळीत झोपते. शेगडी काढून टाकली. आता कोणासाठी पेटवायची?

४ ऑगस्ट, सोमवार

मागच्या खोलीला चुना लावायचा म्हणून काल बादलीत भिजवून ठेवला होता. आज दुपारी लावणार होते, त्याआधी अनुष्का येऊन ठेपली. म्हणे, चारपैकी चार खोल्या, रोजची जाळी, आणि तरी माणूस गेलं असं हे एकच घर आहे. भिंत तपासायची.

तिच्याकडे डब्यात मच्छर होते. पाळलेले. लोक कुत्री पाळतात, हे मच्छर. प्लास्टिकची वाटी भिंतीला उपडी चिकटवली, नळीने आत दहा सोडले. एक वाटी स्वैपाकघरात, एक मागच्या खोलीत. अर्धा तास भिंतीवर बसू द्यायचे, मग कपात काढून साखरपाण्याचा कापूस ठेवायचा आणि उद्या मोजायचे.

मागची वाटी तिने सटवाईच्या शेजारी लावली. कुंकू अजून तसंच आहे. भिंतीवर पांढरा ओघळ एक नाही. अनुष्का बोट फिरवून बघत होती. "आजी, इथे डाग दिसत नाहीत."

"मग मी काय करू?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग चुन्याच्या बादलीकडे. म्हणाली, "आज लावू नका हं."

स्वप्नील पोरीला खांद्यावर टाकून दारात उभा होता. त्या वाटीतल्या दहांकडे बघताना मला एक कळलं. ते भिंतीवर बसायचे, उठायचे, दुसरीकडे बसायचे. अंग शोधत होते. या खोलीत त्यांना अंग एकच मोकळं मिळत होतं, कारण दुसऱ्या अंगावर ते अंग पसरलेलं होतं. विनिता वाकून झोपायची ते पोक नव्हतं.

हे आज कळलं. कळून उपयोग काय.

५ ऑगस्ट, मंगळवार

स्वैपाकघराच्या भिंतीवरचे दहाच्या दहा मेले. मागच्या खोलीतले दहाही जिवंत. कापसावर बसून साखर पीत होते.

अनुष्का म्हणाली, "औषध चांगलं आहे. या भिंतीवर ते मारलंच नाहीये."

स्वप्नील म्हणाला, "पण चारपैकी चार लिहिलंय."

"ज्याने लिहिलं त्याने खोटं लिहिलं."

"कोण आला होता?"

तिने यादी बघितली. सांगू की नको असं झालं तिला, पण कागद स्वप्नीलने वाचला. कुलदीप.

माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी पोरीचं लंगोट बदलत होते, ते बदलत राहिले. एक वाक्य होतं, तोंडात आलेलं. गिळलं. परक्याचा पोरगा, उद्या दुसरीकडे पंप मारेल. माझं कोणी उरलंय ते एवढंच, आणि ते माझ्याकडे पाठ करून उभं होतं.

स्वप्नील गाडीची किल्ली घेऊन गेला.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी स्वप्नीलने कुलदीपला आणलं. कॉलर धरून, अंगणातून ओढत. पोराचा एक डोळा बंद झालेला, ओठ फाटलेला, शर्टावर रक्त. दोन मित्र मागे. शेजारपाजार कुंपणाला.

"बोल," स्वप्नील म्हणाला. "आजीसमोर बोल. झूठ क्यूं लिखा?"

"भाई, मैंने तीन लिखा था. माँ कसम, तीन में चार."

"मग चार कोणी लिहिलं? माझ्या बायकोने?"

कुलदीपने माझ्याकडे बघितलं. "अम्मा, आप बोलो ना. आपने ही तो मना किया था."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "झूठ बोलता है. मैंने कब मना किया?"

स्वप्नीलने हात उचलला. पोरगा खाली बसला, डोकं हातांत घेतलं, आणि तसाच ओरडला, "अम्मा, आपने बोला देवी आनेवाली है! मैंने बोला देवी को भी तो मच्छर काटते होंगे! अंदर से भाभी हंसी थी, अम्मा!"

स्वप्नीलचा हात वरच राहिला.

मित्र म्हणाला, "काय रे, दे ना ठेवून."

स्वप्नीलने हात खाली घेतला. कुलदीपकडे नाही, माझ्याकडे बघत म्हणाला, "हे मला विनिताने सांगितलं होतं. खिडकीतून. देवीला पण मच्छर चावतात म्हणाली. हसू आवरत नव्हतं तिला."

तो चौकटीपाशी गेला, ४/४ वर बोट ठेवलं. दारापाशी पाटी होती, खडू होता.

म्हणाला, "अक्षर तुझं आहे. तू मला ग म भ न शिकवलंस आजी. चार आकडा तूच काढायला शिकवलास. आणि मी रोज त्या दारातून ये-जा केली."

"खोली इटाळली असती," मी म्हटलं. "देवीचा दिवस व्हता."

"जाळी?"

पेटीकडे बघितलं मी, तेवढंच. तो गेला, पेटी उघडली. जाळी घडीसकट होती, पिशवीची चिकटपट्टी पण निघालेली नव्हती.

ओरडेल असं वाटलं होतं. आपल्या घरातले पुरुष ओरडतात, मग जेवतात, मग भिंतीला टेकतात. हा ओरडला नाही. कुलदीपला पाणी दिलं, स्वतःचा रुमाल दिला. मग पोरीचे कपडे पिशवीत भरायला लागला. डब्यातलं दूध, चमचा, टोपरं. मी म्हटलं, "स्वप्नालीला उन्हात नेऊ नको."

"ओवी," तो म्हणाला. "तिचं नाव ओवी आहे."

रिक्षा भाईंदर पश्चिमेला सांगितली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

कुलदीप आज पंप घेऊन आला. एक डोळा अजून काळानिळा. वाटलं नव्हतं तोच येईल. म्हणाला, "मेरा कमरा है अम्मा. अधूरा रह गया था."

मी दारातून बाजूला झाले. त्याने बाज बाहेर काढली, पाटा-वरवंटा उचलून ठेवला. खालचा पाचवीचा कागद माझ्या हातात दिला. कोराच होता. मग सटवाईच्या अंगावरून औषध मारलं. कुंकू ओघळलं, पांढऱ्यात तांबडं. मी बघत उभी राहिले. काही झालं नाही.

बाहेर येऊन त्याने चौकट पुसली आणि खडू माझ्यापुढे धरला. "आप लिखो अम्मा. आपका अक्षर अच्छा है."

लिहिलं. ४/४. आकडा नीट आला.

१० ऑगस्ट, रविवार

अनुष्का वही न्यायला आली. मागची पानं फाडायची होती. फाडली नाहीत. फाडली तर पुढच्या खोट्या टिकाच तेवढ्या राहतील आणि त्यांच्या हिशेबात त्यांचं औषध हरलेलं दिसेल. म्हटलं, "मागून वाच." तिने उभ्या उभ्या तीन पानं वाचली आणि खाली बसली. म्हणाली, शेवटचा रकाना भरून द्या, वही उद्या नेते.

तर भरते. स्वप्नीलला शेजाऱ्याच्या मोबाईलवरून चार वेळा फोन लावला. तिकडून हंसा उचलते, माझा आवाज ऐकते आणि ठेवते. पाचव्यांदा लावला तेव्हा मागे पोर रडत होती. तेवढं ऐकू आलं.

अनुष्काने दारावर चिकटपट्टी लावलीय, पूर्ण संरक्षित घर. आमच्या चेणे गावात एवढं कोणाचं नाही.

खोल्या: चार. फवारलेल्या: चार.
जाळ्या: तीन. बांधलेल्या: तीन.
मच्छर: नाहीत.
माणसं: एक.